एकही वेढा कमी करणार नाही

सुभानपुरा, बडोदे
९ जून

पीयूष,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात हे मला ठाऊक आहे. शेवटी उरले तर लिहीन.

यशश्री काल सकाळी सुखरूप पोचली. तुझी लेक माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि लेस्टरमध्ये जन्मूनही तिला बडोद्याची शेव-उसळ तिखट लागत नाही. एवढी एक गोष्ट तरी तुम्ही नवराबायकोनं धड केलीत. तिच्या पाठीवर अण्णांची गिटार होती. पेटी उघडली तर आत तुझी चिठ्ठी. "ताई, नेक पिकअप डल झालाय. वेढे कमी करून ब्राइट कर. नवरात्रीच्या आत पाहिजे."

बस. तीन वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहिलेला मजकूर हा. तू कशी आहेस नाही, भावोजींचा गुडघा कसा आहे नाही. अरे, मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेलेला माणूससुद्धा दुकानदाराला आधी 'केम छो' म्हणतो.

फोन केला तर तू उचलत नाहीस. बोलून मेसेज पाठवले तर ते उघडतसुद्धा नाहीस, महिनोन्‌महिने तसेच पडून असतात. मराठी टाइप करायला गेले की माझा फोन स्वतःच्या मनाचं लिहितो. म्हणून हातानं लिहिते आहे आणि पानांचे फोटो पाठवते आहे. निदान वाच. वाचायला तोंड उघडावं लागत नाही.

आणि आता विषय निघालाच आहे तर लिहूनच टाकते. अण्णांच्या तेराव्याला, घर माणसांनी भरलेलं असताना, मी तुला मागच्या खोलीच्या दाराशी गाठलं होतं आणि विचारलं होतं, "गिटार इथेच राहू दे ना?" तू हो म्हणून मान हलवलीस. स्वच्छ हलवलीस, मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन विमानात बसलास. मी संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा मला कळलं. तेव्हापासून तुझा फोन बंद. चोर तो चोर, वर शिरजोर.

गिटार टेबलावर ठेवली आहे. बघते.

ताई


१६ जून

पीयूष,

तुझा मेसेज मिळाला. 'एनी अपडेट?' तुझ्या बोटांना दोन शब्दांपलीकडे दम लागतो का?

अपडेट असं आहे की मी वेढे कमी करणार नाही. का, ते सांगते. इतकी वर्षं गिटार वाजवतोस, पण तारांखालच्या त्या निकेलच्या डबीच्या, म्हणजे पिकअपच्या, आत काय आहे हे तू कधी वाकून बघितलं नाहीस. अण्णा उघडून बसायचे तेव्हा दिवा धरायला मी असायचे आणि तू प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमागे क्रिकेट खेळायला पळालेला असायचास.

आत शेजारी-शेजारी दोन कॉइल असतात. केसाहून बारीक तांब्याची तार, एकेका कॉइलवर हजारो वेढे. दोघींच्या खाली मिळून एकच लोहचुंबक. घरातल्या विजेची जी सारखी घूं-घूं असते ती दोन्ही कॉइल पकडतात. पण एक सुलट जोडलेली असते आणि एक उलट, त्यामुळे ती घूं एकमेकींत जिरून जाते. गिटारच्या तारेचा आवाज मात्र जिरत नाही, कारण लोहचुंबकाचं एक टोक हिच्याकडे असतं, दुसरं तिच्याकडे. उलट्याचं उलट म्हणजे सुलट, आणि आवाज दुणावतो. हंबकर, हंबकर म्हणून जे तू मिरवतोस ते एवढंच आहे.

आता अण्णांच्या गिटारची गोष्ट वेगळी का, तर ती साठ-एकसष्ट सालची. इथल्या एका कारखान्याच्या उभारणीला आलेला तो अमेरिकन इंजिनियर परत जाताना अण्णांना देऊन गेला. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या ऑर्केस्ट्रात अण्णांनी ती उभी हयात वाजवली. त्या काळी वेढे मोजायची यंत्रं धड नव्हती, रीळ भरलंसं वाटलं की गुंडाळणारी बाई थांबायची, असं म्हणतात. त्यामुळे दोन कॉइल कधी सारख्या निघायच्या नाहीत. अण्णांच्या नेक पिकअपमधली एक चांगली गुटगुटीत आहे आणि दुसरी रोडकी. म्हणून घूं पूर्ण जिरत नाही, किंचित उरते. आणि त्या असमानपणामुळेच वरच्या सुरांना ती काचेच्या बांगड्यांची किणकिण येते. मी रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून घरी बसून पिकअप गुंडाळते आहे. शिलाँगपासून कोचीपर्यंतची पोरं माझ्याकडून घेऊन जातात. मोजून-मापून, मुद्दाम वेडेवाकडे वेढे घालून पाहिले. जवळ जाते, तिथे पोचत नाही.

आणि तू म्हणतोस, त्या कॉइलचे वेढे उतरव. साठ वर्षांची तार आहे ती, वरचं रोगण खडखडीत वाळलंय. एकदा सोडवायला घेतली की तुटणार, आणि तुटली की ती परत कुणाच्या बापाला गुंडाळता यायची नाही. आपल्या तर नाहीच.

ताई


२७ जून

पीयूष,

आज मी गिटार पूर्ण उघडली. काय लोचे करून ठेवलेस रे हे?

पिकअपचे स्क्रू इतके वर काढलेस की बारीक तारा त्यांच्यावर घासून चरे पडलेत. टोनच्या बटणाचा कपॅसिटर सरळ कापून टाकलाय, कात्रीनं कापल्यासारखा. आवाजाच्या बटणाखालचा मूळ पॉट जाऊन तिथे दुप्पट ओहमचा बसवलाय. नेक पिकअपचं लोहचुंबकसुद्धा कुणाकडून तरी बदलून घेतलंस. जुनं कुठे आहे, ते तरी कळेल का? अण्णांनी जिथे एक ठिपका सोल्डर लावलं होतं तिथे आता मुंग्यांच्या वारुळासारखा ढीग आहे.

मी विश्रामला दाखवलं. त्याला गिटारमधलं काही कळत नाही, पण तीस वर्षं माझ्याशी संसार केल्यामुळे माझा चेहरा कळतो. तो म्हणाला, "बस ने मोहना, चहा घे आधी." मी चहा घेतला. राग गेला नाही.

एक मात्र माझ्या लक्षात आलं. ह्यातला प्रत्येक उद्योग एकाच कारणासाठी केलेला आहे. स्क्रू वर, कपॅसिटर बाद, पॉट मोठा, चुंबक जास्त ताकदीचं, वर तारासुद्धा बारीक. सगळं काय, तर किणकिण वाढावी म्हणून. आणि एवढं करूनही तुझी चिठ्ठी म्हणते, डल झालाय. अरे, एवढं केल्यावर ही गिटार भांड्यांच्या दुकानासारखी वाजायला हवी. यशश्रीला विचारलं, हा असं कधीपासून करतोय. ती म्हणाली, "खूप वर्षं झाली, आत्या, आधी दुसऱ्या गिटारवर करायचे. बाबांचा ॲम्प चालू झाला की आम्ही कानात बोटं घालतो."

मी सगळं पूर्ववत करते आहे. माझ्याकडे त्या जातीचं जुनं चुंबक आहे, ते बसवते. आठवड्याभरात रेकॉर्डिंग पाठवते, ऐकून बघ.

ताई


९ जुलै

पीयूष,

'अजून डल.'

हे तुझं उत्तर. मी आठ दिवस पाठ मोडून बसले, प्रत्येक जोड नवा केला, मीटर लावून दोन्ही कॉइल तपासल्या. दोन्ही ठणठणीत आहेत. एक वेढा तुटलेला नाही, कुठे शॉर्ट नाही. यशश्रीनं वाजवली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या जोशीबेन खाली आल्या आणि म्हणाल्या, "मोहनाबेन, लक्ष्मीकांतकाकांची टेप लावलीत का? बहु सरस." तीन वर्षांनी ह्या घरात कुणी अण्णांचं नाव गिटार ऐकून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. आणि तुझं आपलं, अजून डल.

तुझा हट्ट मला कळला. मी ती कॉइल सोडवावी एवढंच तुला हवं आहे, बाकी काही नको आहे. नवरात्र तीन महिन्यांवर आलंय, लेस्टरच्या गरब्याला तुझा ऑर्केस्ट्रा आहे, हे सगळं यशश्रीनं सांगितलं. त्यासाठी अण्णांचा आवाज तू मोडीत काढणार. आणि मी नाही केलं तर तिकडे कुणाकडून तरी करून घेशील, ही धमकीही तू तिच्या तोंडून पाठवलीस. तू लहानपणी असाच होतास. अण्णांचं घड्याळ खोलून कसं मोडून ठेवलं होतंस ते आठव.

उद्या लिहिते. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

ताई


२० जुलै

पीयूष,

उद्या लिहिते म्हणाले होते आणि इतके दिवस लिहिलं नाही. रागात नव्हते. विचार करत होते.

रिफायनरीत मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. तिथे नवीन आलेल्या इंजिनियरांना आम्ही पहिली गोष्ट कुठली शिकवायचो, तर प्रेशर उलटंसुलटं दिसलं की धावत जाऊन पंप खोलायचा नाही. आधी ज्या मीटरवर ते दिसतंय, तो मीटर तपासायचा. कित्येकदा लाइन धडधाकट असते आणि काटाच अडकलेला असतो. मग लोक व्हॉल्व्ह बदलतात, पंप बदलतात, पाइप बदलतात, आणि काटा आपला तिथेच. हे मी शंभर पोरांना शिकवलं आणि इथे महिनाभर पंपच खोलत बसले.

म्हणून मी तुला परवा दोन रेकॉर्डिंग पाठवली आणि विचारलं की ह्यातलं जास्त ब्राइट कुठलं. पहिलं होतं तसंच होतं. दुसऱ्यात मी टोनचं बटण पार बंद केलं होतं आणि वर आणखी एक कपॅसिटर जोडून सगळी किणकिण मारून टाकली होती. घोंगडीखाली बसून वाजवल्यासारखं. विश्रामला आरती आणि जाहिरात ह्यांतला फरक कळत नाही, तोसुद्धा म्हणाला की दुसऱ्याला काय सर्दी झालीय का.

तुझं उत्तर आलं. 'दोन्ही सेम. दुसरं थोडं बरं.'

ते वाचलं आणि मी तो जास्तीचा कपॅसिटर काढून ठेवला.

मग यशश्रीला जवळ बसवून विचारलं. उगाच इकडचं तिकडचं विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, बाबा टीव्ही खालच्या अक्षरांशिवाय बघत नाहीत. हॉटेलात नेहमी भिंतीकडे पाठ करून बसतात. सगळ्याला हो-हो म्हणतात. फोन आईलाच घ्यायला लावतात. आई म्हणते, ह्यांचं लक्ष नसतं. पोरीला काही कळलेलं नाही. मी तिला काही बोलले नाही.

पीयूष, तुला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, असं आहे का? वरचे सूर गेले की आधी 'स' जातो, 'त' जातो, 'च' जातो. माणूस बोलतोय हे कळतं आणि काय बोलतोय ते कळत नाही. मग माणूस मान हलवतो.

इथल्या अकोट्याच्या मैदानावर तू किती नवरात्री वाजवलंस. मला आठवतं, स्टेजवर जागा नसायची म्हणून तू स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून उभा असायचास. अण्णा कापसाचे बोळे घेऊन यायचे, तू ते खिशात टाकायचास आणि म्हणायचास, कापूस घातला तर ढोल कसा ऐकू येणार. नऊ रात्री, मग पुढच्या वर्षी परत नऊ रात्री, मग लेस्टरला जाऊन परत तेच. उत्तर दे. दोन शब्दांत नको.

ताई


४ ऑगस्ट

पीयूष,

तुझा मेसेज परत-परत वाचला. अक्षरन्‌अक्षर पाठ झालाय. 'ताई, दोन वर्षांपूर्वी कान तपासले. वरचं सगळं गेलंय, परत येणार नाही. कानाचं मशीन लाव म्हणाले. स्टेजवर मशीन दिसलं तर ऑर्केस्ट्रात दुसऱ्या दिवशी दुसरा गिटारवाला उभा करतील. घरी कुणाला माहीत नाही. तू फक्त पिकअप ब्राइट कर, मी भागवून नेतो.'

म्हणजे तुला ठाऊक होतं. बिघाड कुठे आहे हे ठाऊक असताना तू मला अण्णांची कॉइल सोडवायला सांगत होतास. मी तीन वर्षं तुला उर्मट समजले, गिटारचोर समजले, सगळ्या नातेवाइकांत तसं बोलून दाखवलं, कमळाबाईआत्या तर अजून तुझं नाव निघालं की बोटं मोडते. आणि तू तिकडे बसून सगळ्यांना हो-हो म्हणत होतास. एक ओळ लिहायला काय झालं होतं? बहिणीला लिहायला काय झालं होतं? माझ्या डोक्यात नुसता संताप आहे आणि तो कुणावर काढू ते कळत नाही. माफी-बिफी मी मागणार नाही, तूही मागू नकोस.

आता नीट वाच. मी एकही वेढा कमी करणार नाही. कॉइल सोडवून तुला ऐकू येणार असतं तर मी आत्ता, ह्या मिनिटाला, ब्लेड घेऊन बसले असते. अण्णा वरून ओरडले असते तरी. पण पिकअप कितीही ब्राइट केला तरी जे सूर तुझ्या कानात शिरतच नाहीत ते शिरणार नाहीत. समोर बसलेल्यांचे कान मात्र फुटतील, आणि मग ऑर्केस्ट्रावाले त्याच कारणानं तुला काढतील. म्हणजे आवाजही गेला आणि जागाही गेली.

ह्या नवरात्रीत वाजव. पण मशीन लावून वाजव. इथल्या कानाच्या डॉक्टरांशी मी बोलून आले, तुझं नाव न सांगता. वाजवणाऱ्यांसाठी वेगळी बसवून देतात, कानात आतच बसतात. डॉक्टरबाई म्हणाल्या की कित्येक मशीनमध्ये एक बारीकशी कॉइलसुद्धा असते. मी म्हटलं, मग ठीक आहे, ती आमच्या घरातलीच वस्तू झाली. आणि स्पीकरच्या भिंतीपासून लांब उभा राहा. ऑर्केस्ट्रावाल्यांना तूच सांग, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. काढलं तर काढलं. इथे सुभानपुऱ्यात मला पिकअप वाजवून बघायला माणूस लागतो. कानानं नाही जमलं तर हातानं सांगशील, बोटांना तर काही झालेलं नाही ना? लेस्टरच्या स्टेजसाठी ब्राइट पिकअप हवाच असेल तर माझ्या हातचा नवा गुंडाळून यशश्रीबरोबर पाठवते, तुझ्या दुसऱ्या गिटारला लाव. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तिला आणि तिच्या आईला सांगणं हे तुझं काम आहे.

अण्णांची गिटार मी परत पाठवत नाही. यशश्री रिकाम्या पाठीनं विमानात बसणार आहे. तुला हवी असेल तर तू ये. नवरात्रीनंतर ये, दिवाळीला ये, कधीही ये.

फोन करू नकोस. मीही करणार नाही, तो प्रकार आता बंद. तू आलास की मी पंखा बंद करीन, विश्रामला टीव्ही बंद करायला लावीन, तुझ्यासमोर खुर्ची ओढून बसेन आणि तुला माझ्या तोंडाकडे बघायला लावून तेराव्याच्या दिवशी विचारलेलं तेच परत विचारीन. गिटार इथेच राहू दे ना? ह्या वेळी मान हलवायची नाही. नाही म्हणालास तर नाही, घेऊन जा, मी पेटीत घालून देईन. पण ऐकू आलं नाही तर 'काय?' म्हण. पुन्हा नाही आलं तर पुन्हा म्हण. कितीही वेळा म्हण.

मी वैतागेन. पण परत सांगेन.

आशीर्वाद उरले होते, ते घे.

ताई